तेलविहिरीवरचे हात

10 जानेवारी 1901 रोजी टेक्सासमधील बोमाँटजवळ, स्पिंडलटॉपच्या टेकाडावर तेलाचा फवारा शंभर फुटांहून उंच उसळला आणि नऊ दिवस कोणाला आवरला नाही. तेलयुगाचा इतिहास आपण बहुधा त्या फवाऱ्याच्या छायाचित्रापासून सांगू लागतो. माझ्या मते तो विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मजुराच्या हातांपासून सांगावा.

स्पिंडलटॉपने रोटरी ड्रिलिंगला प्रतिष्ठा दिली. या पद्धतीत सुमारे 30 फुटी पोलादी नळ्या आट्यांनी एकमेकींना जोडत खाली सोडतात. तळाचे बिट बोथटले की सारी माळ वर ओढून सुटी करायची, बिट बदलून पुन्हा जोडायची. नळी झपाट्याने आवळली जावी म्हणून कामगार खालच्या नळीवर साखळीचे वेढे देई आणि मनगटाच्या एका झटक्याने ते वरच्या नळीवर चढवी. साखळीचे दुसरे टोक यंत्र खेचून घेई, नळी गरगरत आट्यांत बसे. क्षणभराची चूक झाली, तर साखळी आणि नळी यांच्यामध्ये बोट सापडे.

ओझे उचलण्याची रीतही अशीच. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला सतत फिरणारे लोखंडी रीळ असे. त्याचे नाव कॅटहेड. त्याभोवती जाड दोराचे काही वेढे देऊन मोकळे टोक हातात धरायचे. टोक ताणले की दोर रिळाला घट्ट धरून ओझे वर नेई, सैल सोडले की ओझे थांबे. म्हणजे यंत्राचा क्लच माणसाची मूठ! एक वेढा दुसऱ्यावर चढला, तर दोर आपणहून गुंडाळू लागे आणि मुठीसह हात रिळाकडे ओढला जाई.

अशा अपघातांना ‘हलगर्जीपणा’ म्हणण्याची प्रथा आहे. मला ती मान्य नाही. फिरत्या धातूपासून चार बोटांवर हात ठेवणे हेच जिथे काम होते, तिथे दोष रचनेचा. जुने कामगार साखळी अशा सफाईने फेकत की पाहत राहावे, हे खरे. पण त्या सफाईवर बोटे अवलंबून ठेवली कोणी?

अमेरिकेत या मजुराला ‘रफनेक’ म्हणत. नळ्या आवळणारे यंत्र 1970च्या दशकात आले, त्याचे नाव ठेवले ‘आयर्न रफनेक’. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता. साखळी मात्र त्यानंतरही अनेक ठिकाणी चालूच राहिली.

बोटांचा हिशेब कायद्याने त्याआधीच मांडला होता. टेक्सासने 1913 मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला, पण त्यात सामील होणे मालकाच्या मर्जीवर ठेवले. आपल्याकडील 1923च्या कायद्याच्या सुधारित परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले होते. तर्जनी 14, मध्यमा 12, अनामिका किंवा करंगळी 7.

फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले, हे स्पर्धापरीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. त्या फलाटावर नळ्या कशाने जोडत, हा प्रश्न मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.