परवडणे आणि परवड

‘विजेवर चालणारी मोटार सामान्य माणसाला परवडते का?’ हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, पुढाऱ्यांच्या भाषणांतून आणि कंपन्यांच्या जाहिरातींतून इतक्या वेळा विचारला जातो की त्यातील शब्दांकडे आता कोणी पाहत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने आधी शब्दांकडेच पाहावे, असे आम्हांला वाटते. या वाक्यात ‘सामान्य’ आणि ‘परवडणे’ हे दोन शब्द कोणतीही झडती न होता आत शिरले आहेत. मराठी साहित्यातल्या सामान्य माणसाचा पत्ता बराच काळ गिरगाव, दादर किंवा सदाशिव पेठ असाच होता. तो बदलायला ग्रामीण आणि दलित साहित्याने भाग पाडले. वाहनांच्या चर्चेत हे स्थित्यंतर अजून व्हायचे आहे. तिथला ‘सामान्य’ म्हणजे पुण्या-मुंबईतला, इमारतीत राखीव पार्किंग असलेला, पहिली गाडी नवी कोरी घेणारा पगारदार. हा पत्ता बदलून पाहिला तर उत्तरही बदलते का, हे तपासण्यासाठी आम्ही सिल्लोड हे गाव निवडले आहे.

सिल्लोड छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण पासष्ट किलोमीटरवर आहे. मका, कापूस आणि मिरचीचा हा तालुका. पुढे गोळेगाव, अजिंठा गाव, अजिंठ्याचा घाट आणि घाटाखाली फर्दापूर. मोटार बाळगणारी माणसे येथे आहेत: शिक्षक, डॉक्टर, आडते, बी-बियाण्यांचे दुकानदार, बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरी. पण रस्त्यावर उभे राहून मोजले तर दुचाकी, काळीपिवळी जीप, मालवाहू रिक्षा आणि एस.टी. यांचाच भरणा दिसेल. ‘सामान्य वाहनचालक’ कोणास म्हणावे, याचे पहिले उत्तर हा रस्ताच देतो.

प्रथम व्यवहार्यतेचा विचार करू, कारण या बाबतीत सिल्लोडची बाजू महानगरांपेक्षा वाईट नाही. उलट थोडी बरीच आहे. एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल, ही पहिली भीती. २००१ साली बंगळूरूहून आलेली चिमुकली ‘रेवा’ ऐंशीएक किलोमीटर धावत असे. तिच्यावर भरवसा ठेवून सिल्लोडहून शहरात जाऊन परत येणे हा जुगार ठरला असता. आजच्या लहान विद्युत मोटारीही प्रत्यक्षात दीडशे ते दोनशे किलोमीटर जातात. कंपनीचा दावा याहून मोठा असतो; मे महिन्यातले ऊन, वातानुकूलन आणि भरलेली गाडी तो खाली आणतात. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन होणारे एकशे तीस किलोमीटर आवाक्यात राहतात. घाटाचीही धास्ती नको. चढताना बॅटरी अधिक खर्च होते हे खरे. पण उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी फिरते आणि खर्चाचा काही भाग परत मिळवते. शिवाय सिल्लोडमध्ये अनेक घरांना स्वतःचे अंगण, निदान दारासमोर जागा असते. सोळाव्या मजल्यावरच्या रहिवाशाला सोसायटीच्या सभेत जे भांडून मिळवावे लागते, ते येथे पंधरा अँपिअरच्या एका खटक्यावर भागते. रात्री आठ-नऊ तास लावून ठेवली की लहान गाडी सकाळी तयार.

पण खटक्यात वीज असली पाहिजे. आपल्या भाषेने या बाबतीत फार पूर्वीच निकाल देऊन ठेवला आहे. पेट्रोल आपण ‘भरतो’. वीज मात्र ‘येते’ आणि ‘जाते’. पाऊस, पाहुणा आणि वीज यांना मराठी माणूस एकच क्रियापद लावतो, यामागे अनेक वर्षांच्या भारनियमनाचा अनुभव आहे. तो काळ आता तितका कठोर राहिलेला नाही. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाल्यामुळे घरातला उजेड पुष्कळ स्थिरावला आहे. तरी वळवाच्या पहिल्या वाऱ्यात तार तुटणे, रोहित्र जळाल्यावर नवे येईपर्यंत दिवस मोजणे, हे ग्रामीण भागातून गेलेले नाही. ज्या शेतकऱ्याला पंपासाठी तीन फेजची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीची मिळते, त्याला मोटार रात्रभर चार्जिंगला लावण्याचा सल्ला देताना थोडा संकोच वाटावा. घराच्या जोडणीचा मंजूर भारही अनेकदा जेमतेम दिवे-पंख्यांपुरता असतो. तीन किलोवॉटची गाडी लावायची तर तो वाढवून घ्यावा लागतो.

आता ‘परवडणे’. येथे भावनेपेक्षा गणित बोललेले बरे. लहान पेट्रोल गाडी आणि तिचीच विद्युत आवृत्ती यांच्या किमतीत तीन लाखांचे अंतर धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर, सरासरी अठरा किलोमीटर. वीज १२ रुपये युनिट, आणि चार्जिंगमधली गळती धरून युनिटमागे सात किलोमीटर. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याचा पेट्रोलचा खर्च सुमारे ५,८०० आणि विजेचा सुमारे १,७०० रुपये होतो. वर्षाची बचत पन्नास हजारांच्या आतबाहेर, म्हणजे अंतर भरून निघायला सहा वर्षे. महिन्याला चारशेच किलोमीटर चालवणाऱ्याला पंधरा वर्षे लागतील. बॅटरीची नेहमीची हमी तर आठ वर्षांची असते. उलट अडीच हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांतच वसूल होतील. कर्जाचे व्याज धरले तर ही वर्षे वाढतील, देखभालीतली बचत धरली तर थोडी कमी होतील. मूळ चित्र बदलणार नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. विद्युत गाड्यांना २०१९ पासून असलेल्या पाच टक्क्यांच्या सवलतीचे वजन त्यामुळे कमी झाले.

या गणिताचा अर्थ लावताना खरा पेच उघड होतो. सिल्लोडमधला मोटारमालक शिक्षक किंवा दुकानदार रोजच्या कामाला दुचाकी वापरतो. मोटार लग्नकार्याला, दवाखान्याला, देवदर्शनाला निघते. त्याचा आकडा चारशेच्या आसपासच राहणार, आणि त्याला विद्युत मोटार परवडणार नाही. सिल्लोड ते शहर अशी रोज एक फेरी करणारा काळीपिवळीचा चालक पंचवीस दिवसांत तीन हजार किलोमीटर ओलांडतो. फायदा त्याचा आहे. पण त्याची जीप जुनी घेतलेली असते, कर्ज खासगी फायनान्सचे असते, आणि तितकी माणसे व तितके ओझे वाहणारी विद्युत गाडी त्याच्या भांडवलाच्या कितीतरी पलीकडे असते. ज्याला फायदा आहे त्याच्याकडे पैसा नाही आणि ज्याच्याकडे थोडाफार पैसा आहे त्याला फायदा नाही.

‘जुनी घेतलेली’ हे दोन शब्द आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. तालुक्याच्या गावी पहिली मोटार बहुधा दुसऱ्याची असते. शहरात पाच-सात वर्षे फिरलेली, ओळखीच्या मिस्त्रीने इंजिनाचा आवाज ऐकून ‘घ्या’ म्हटलेली. आवाजावरून रोग ओळखणाऱ्या या मिस्त्रीवर खेड्यातील मोटारसंस्कृती उभी आहे. विद्युत गाडीला आवाजच नाही. तिच्या बॅटरीचे किती आयुष्य उरले हे संगणक लावल्यावाचून कळत नाही, आणि तो संगणक कंपनीच्या दुकानात असतो. काही कंपन्यांची वाढीव हमी तर पहिल्या मालकापुरतीच असते. म्हणजे शहरातल्या पहिल्या मालकाने सवलत आणि हमी उपभोगावी आणि दुसऱ्याने शंका विकत घ्यावी. ‘परवडणे’ आणि ‘परवड’ या शब्दांची व्युत्पत्ती काहीही असो, व्यवहारात ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत.

शहराकडे पाहिले की हे अंतर अधिक स्पष्ट होते. २०१० साली औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. २०२२ मध्ये त्याच शहरातील उद्योजकांच्या पुढाकाराने विद्युत मोटारींची अशीच सामूहिक खरेदी झाली. २०२४ मध्ये एथर आणि टोयोटा-किर्लोस्कर यांनी येथील ऑरिक औद्योगिक क्षेत्रात प्रकल्प जाहीर केले. या गोष्टींचे आम्हांला कौतुकच आहे. कोणीतरी आधी घेतल्याशिवाय नवे तंत्र स्वस्त होत नाही. पण राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात ठळकपणे मिरवलेली टोलमाफी पाहा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग. यांतला एकही रस्ता सिल्लोड तालुक्यातून जात नाही. सवलत कोणत्या रस्त्यावर मिळते, यावरून धोरणाच्या मनातला ‘सामान्य’ कोण ते ओळखता येते.

यावर असा आक्षेप येईल की किमती उतरतील आणि प्रश्न आपोआप सुटेल. काही अंशी हे खरे आहे. बॅटरी दशकभरात पुष्कळ स्वस्त झाली आहे, आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे घेऊन गाडी कमी किमतीत देण्याची पद्धतही २०२४ पासून आपल्याकडे आली आहे. नॉर्वेचा दाखलाही दिला जाईल. तेथे २०२४ मध्ये दहांतल्या जवळजवळ नऊ नव्या मोटारी विद्युत होत्या. पण त्यामागे मुबलक जलविद्युत आणि पेट्रोल गाड्यांवरचे जबर कर यांची कित्येक वर्षांची आखणी आहे. केवळ किंमत उतरवून काय होते याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. २००९ साली बाजारात आलेली ‘नॅनो’ स्कूटरवरच्या चौकोनी कुटुंबासाठी होती. किंमत उतरली; गिऱ्हाईक आले नाही. ‘स्वस्त गाडीवाला’ म्हणवून घ्यायला कोणी तयार नव्हते. माणूस गाडीबरोबर प्रतिष्ठा आणि भरवसाही विकत घेतो, आणि विजेच्या गाडीला हा भरवसा अजून तालुक्याच्या गावी कमवायचा आहे.

मग सिल्लोडला काय सांगावे? आमचे मत असे. स्वतःचे अंगण, चांगली वीजजोडणी आणि रोज साठ-सत्तर किलोमीटरचे ठरलेले काम असेल त्याने विद्युत मोटार जरूर घ्यावी. तिला अव्यवहार्य म्हणणे हा आता अज्ञानाचा भाग झाला. बाकीच्यांनी घाई करू नये आणि घाई न केल्याबद्दल स्वतःला मागासही समजू नये. शासनाने मात्र आपला ‘सामान्य’ बदलावा. विजेची दुचाकी घरच्या साध्या खटक्यावर चार्ज होते आणि तिचे गणित पहिल्या दोन-तीन वर्षांतच जमते. काळीपिवळीच्या चालकाला स्वस्त कर्ज मिळाले तर त्याचेही जमेल. सर्वांत मोठी आशा एस.टी.ची. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला धावली. १ जून २०२२ रोजी पहिली विद्युत ‘शिवाई’ त्याच मार्गावर धावली. पुढे ५,१५० विद्युत बसगाड्यांचा करार झाला, पण पुरवठा वेळापत्रकाप्रमाणे झाला नाही. त्या दिरंगाईची चर्चा मोटारींच्या नव्या रंगांइतकीही होत नाही. २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. बाजाराला, कचेरीला, महाविद्यालयाला निघालेल्या बाईसाठी वीज आणि प्रवास यांची गाठ पडायची ती या बसमध्येच.

म्हणून ‘सामान्य माणसाला विद्युत मोटार परवडते का’ असे कोणी विचारले तर आम्ही आधी सामान्य माणसाचा पत्ता विचारू. तो सिल्लोडचा असेल, तर बहुतेक वेळा तो मोटारीत नसतो. थांब्यावर उभा असतो. ज्या दिवशी तिथे बिनधुराची बस वेळेवर येईल, त्या दिवशी त्याला वीज परवडू लागेल.