खपलीखालची लगबग

मित्रांनो, खेळताना गुडघा फुटतो, रक्त येतं आणि थोड्या वेळात थांबतंही. रक्त गोठतं म्हणून आपण वाचतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पण गुडघ्यापाशी सुरू झालेलं हे गोठणं सगळ्या अंगभर का बरं पसरत नाही?

कारण त्याला आवर घालणारे पहारेकरी आपल्या रक्तातच असतात. त्यांतला एक म्हणजे ‘प्रोटीन सी’. १९७६ साली योहान स्टेनफ्लो या स्वीडिश शास्त्रज्ञाने गुरांच्या रक्तातून ते वेगळं काढलं. प्रथिनं वेगळी करताना ते ‘सी’ या भागात मिळालं, म्हणून हे नाव! ‘क’ जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध नाही. उलट, ते नीट तयार व्हायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं.

हे प्रथिन यकृतात बनतं आणि रक्तात झोपलेलंच फिरतं. त्याला जागं कोण करतं? गंमत म्हणजे, गुठळी बनवणारं थ्रॉम्बिनच! रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला थ्रॉम्बिन चिकटलं, की ते प्रोटीन सीला उठवतं. मग प्रोटीन सी गोठण्याला मदत करणाऱ्या दोन प्रथिनांचे तुकडे करतं आणि गोठणं मंदावतं. काही थोडी बाळं या प्रथिनाशिवायच जन्मतात. त्यांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन काळेजांभळे डाग पडतात. उपचार ताबडतोब करावे लागतात. शिरेतून हेच प्रथिन देतात.

पण याचं काम एवढ्यावर संपत नाही बरं का! आपल्या कातडीच्या वरच्या थरातल्या पेशीही प्रोटीन सी बनवतात, असं सिडनीच्या शास्त्रज्ञांना आढळलं. प्रयोगशाळेत या पेशींना जागं झालेलं प्रोटीन सी दिलं, तर त्या वाढू लागल्या, सरकत सरकत मोकळी जागा भरू लागल्या आणि मेल्याही कमी. म्हणजे एकच प्रथिन रक्ताला म्हणतं, ‘पुरे!’ आणि कातडीला म्हणतं, ‘चला, कामाला लागा!’

चिघळलेल्या, भरून न येणाऱ्या जखमांच्या मोजक्या रुग्णांना ते वरून लावूनही पाहिलं आहे. मात्र ते रक्त गोठू देत नाही, त्यामुळे बेतानेच वापरावं लागतं.

तेव्हा खपलीला खाज सुटली तरी नखं आवरा! तिच्याखाली नव्या पेशींची लगबग चालू असते. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या पायाची लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवायला सांगा.