काजव्यांच्या रानात मोटारींचे दिवे

जूनचा पहिला शनिवार. रात्रीचे साडेआठ वाजलेले. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मोटारींची लांबच लांब रांग लागलेली असते. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे घर गाडीत बसलेले. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा ठिकाणांहून काही तासांचा प्रवास करून ही मंडळी आलेली असतात ती काजवे पाहायला. पुढची गाडी हलत नाही म्हणून मागचा भोंगा वाजवतो, रस्ता नीट दिसावा म्हणून कोणी प्रखर दिवे लावतो, कोणी खाली उतरून मोबाइलची बॅटरी झाडावर फिरवतो. आणि थोड्या वेळाने एखादे पोर हमखास विचारते, ‘‘बाबा, काजवे कुठे आहेत?’’

उत्तर सोपे आहे, पण द्यायला अवघड. ज्या झाडावर ते चमकायचे त्या झाडावर आपल्याच गाडीचा झोत पडलेला आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) इथे आहे. रतनगड आणि हरिश्चंद्रगड इथेच आहेत. प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये या डोंगरांना कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. सरकारी अहवालांत हल्ली ‘शाश्वत पर्यटन’ हा शब्द वारंवार येतो. पाहुणे यावेत, गावाला दोन पैसे मिळावेत आणि जे पाहायला लोक येतात ते पुढच्या पिढीसाठीही शिल्लक राहावे, एवढाच त्याचा साधा अर्थ. तो साधणे किंवा बिघडणे तीन गोष्टींवर अवलंबून असते: तिथल्या लोकांची संस्कृती, धर्म आणि आता आपल्या खिशातला मोबाइल. या एका तालुक्यात तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

प्रकाशाची भाषा

काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर माती आणि पालापाचोळ्यात जाते. गोगलगायींसारख्या लहान जीवांवर ही अळी जगते. पंख फुटल्यावर त्याच्या वाट्याला येतात ते थोडेच दिवस, आणि त्यांत त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्यासाठी त्याच्याकडे एकच भाषा आहे, प्रकाशाची. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. मेच्या अखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हा संवाद चालतो. एकेक झाड एका लयीत उजळते आणि विझते. पाऊस जवळ आल्याची ती खूण, असे गावकरी मानतात.

मोटारीचा दिवा या संवादात पडला की उत्तर मिळत नाही. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात. त्या जमिनीवरच राहतात आणि फोटोसाठी झाडाखाली शिरणाऱ्यांच्या पायांखाली येतात. नुकसान त्या रात्रीपुरते राहत नाही, पुढच्या वर्षीच्या काजव्यांपर्यंत पोहोचते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मोबाइलवर फिरणारी सोनेरी ठिपक्यांनी भरलेल्या रानाची चित्रे बहुधा एका क्षणाची नसतात. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून बराच वेळ घेतलेली अनेक छायाचित्रे नंतर एकावर एक चढवून ती तयार होतात. तसे दृश्य कोणत्याही डोळ्याला कधीच दिसत नाही. ते पाहून निघालेला माणूस खरे काजवे समोर असूनही थोडासा फसल्यासारखा होतो आणि ‘अजून पुढे जास्त असतील’ म्हणून गाडी आणखी आत घालतो.

तिथी, वाट आणि यजमान

या डोंगरांत माणसे पूर्वी येत नव्हती असे नाही. कळसूबाईच्या शिखरावर देवीचे छोटेसे देऊळ आहे. कळसू नावाची मुलगी गावात कामाला राहिली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, या अटीवर. एके दिवशी ती अट मोडली गेली आणि ती रुसून डोंगरावर निघून गेली, ती कायमची, अशी कथा तिथे सांगतात. नवरात्रात पंचक्रोशीतले लोक नवस फेडायला वर चढतात. या येण्याला एक ठरलेली तिथी होती, ठरलेली वाट होती आणि पायथ्याच्या गावात ओळखीचे घर होते. कधी यायचे, कुठून यायचे आणि कोणाचे पाहुणे म्हणून यायचे, ही तीन उत्तरे यात्रेकरूला घरातूनच मिळालेली असत.

देवराईचेही तसेच. देवाच्या नावाने राखलेल्या रानातून वाळलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक गावोगाव होता. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असतानाही देवाच्या धाकाने जुनी झाडे टिकून राहिलेली त्यांना आढळली. ज्याला आज आपण ‘पर्यावरणाचे नियम’ म्हणतो, त्यांतले काही नियम गावाने देवाच्या हाती सोपवून ठेवले होते.

मात्र जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच देवाच्या छोट्या घुमटीचे सिमेंटचे मंदिर बांधायचे म्हणून देवराईतली झाडे विकल्याचीही उदाहरणे आहेत. यात्रेनंतरच्या पत्रावळी आणि प्लास्टिक हेही आपण पाहतोच. श्रद्धा रान राखते, तशी ती रान उजाडही करू शकते. कोणता नियम श्रद्धेला जोडलेला आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी आहे का, यावर सगळे ठरते.

देवाच्या दारीही मर्यादा

देवस्थान म्हटले की माणूस आपोआप मर्यादेने वागतो, असे कोणाला वाटत असेल तर त्याने केदारनाथकडे पाहावे. महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो कुटुंबे तिकडे जातात, म्हणून ते आपल्यालाही परके नाही. जून २०१३ च्या प्रलयात तिथे हजारो माणसे गेली. त्यानंतर रस्ते झाले, हेलिकॉप्टरच्या फेऱ्या वाढल्या. २०२३ च्या सहा-सात महिन्यांच्या हंगामात १९ लाखांहून अधिक भाविकांनी दर्शन घेतले. त्याच वर्षी जुलैत मंदिरात मोबाइल वापरण्यावर बंदी घालावी लागली आणि मे २०२४ मध्ये उत्तराखंड सरकारला चारही धामांत मंदिरापासून ५० मीटरच्या आत रील आणि चित्रफिती काढायला मनाई करावी लागली. देव तोच, डोंगर तोच. पूर्वी वाटेचे कष्टच गर्दीला आवर घालत. तो आवर गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी घातला नाही.

उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. आषाढी वारीत लाखो माणसे आळंदी आणि देहूहून पंढरपूरपर्यंत चालतात. पण प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे किंवा मागे तिची जागा ठरलेली असते आणि चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समाज शांत होतो. एवढी शिस्त असूनही मुक्कामाच्या गावांत मागे राहणारी घाण हा वर्षानुवर्षांचा प्रश्न होता. गेल्या दहा-बारा वर्षांत मुक्कामांवर फिरती शौचालये मोठ्या संख्येने उभी राहू लागली, तेव्हा कुठे त्यात फरक पडू लागला. परंपरेने शिस्त दिली, पण सोय शासनाने आणि स्वयंसेवकांनी करावी लागली. दोन्ही मिळून वारी निभावते.

चित्र येते, तिथी येत नाही

मोबाइलने नेमके काय बदलले, हे यावरून कळते. यात्रेबरोबर तिथी, वाट आणि यजमान येत. मोबाइलबरोबर फक्त चित्र येते आणि जागेचा नकाशा येतो. साम्रदजवळच्या सांदण दरीचे चित्र जुलैत कोणाच्या हाती पडले, तर ती अरुंद घळ पावसात जीवघेणी असते हे ते चित्र सांगत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसे वाहून गेली. त्यानंतर मनाईचे हुकूम निघाले, वेळेची बंधने आली. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरणासाठी गेलेली एक तरुणी दरीत पडून गेली. प्रत्येक वेळी आधी माणसे जातात आणि मग फलक लागतो.

तरीही मोबाइलला खलनायक ठरवून भागणार नाही. अकोल्याच्या या आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात आभाळ फाटते, पण भाताचे एक पीक निघाले की पुढे फारसे काम उरत नाही. पुष्कळ कुटुंबे नारायणगावच्या बाजूला शेतमजुरीला जातात. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात किंवा धरणाकाठच्या वाड्यांत पिठले-भाकरीचे ताट आणि रात्रीचा मुक्काम विकला जाऊ लागला, तो मोबाइलवरून पाहुणे आले म्हणूनच. ‘येऊ नका’ असे शहरातून सांगणे सोपे आहे. ज्याचे घर त्या ताटावर चालते, त्याला ते कोणत्या तोंडाने सांगायचे?

कासचा धडा

मग वाट कोणती? साताऱ्याजवळच्या कास पठाराने ती बरीचशी दाखवली आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात पठारावर माणसेच माणसे दिसू लागली. तेव्हा रोजच्या पर्यटकांची संख्या ३ हजारांवर बांधण्यात आली, आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि व्यवस्था वनखात्याबरोबर आसपासच्या गावांच्या समित्यांकडे आली. शुल्क गोळा करणारा, वाट दाखवणारा आणि ‘फुले तुडवू नका’ म्हणून हटकणारा माणूस गावचाच आहे. तिथे चुकाही झाल्या. पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. गुरांची चराई थांबली तर गवत माजेल आणि फुलांना जागा उरणार नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि ते कुंपण पुढे काढावे लागले. गुराख्याला बाहेर ठेवून फुले राखता येत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला.

काजव्यांच्या बाबतीतही दूर जायला नको. अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडी गावात सुमारे दोन दशकांपासून पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, चुलीवरचे जेवण जेवतात आणि गावच्या वाटाड्यामागून पायी चालत काजवे पाहायला जातात. तिथे पुन्हा तिथी, वाट आणि यजमान तिन्ही आहेत, फक्त पोशाख नवा आहे.

भंडारदऱ्याच्या बाजूला वनखाते प्रवेशशुल्क घेते, वेळेची बंधने घालते. त्याच्या पुढे जाऊन तीन गोष्टी करायला हव्यात. काजव्यांच्या दिवसांत एका रात्रीत किती गाड्या सोडायच्या, हे कासप्रमाणे ठरवून आगाऊ नोंदणी घ्यावी. गाड्या जलाशयाच्या अलीकडे थांबवून पुढे पायी किंवा गावच्या मोजक्या वाहनांतून न्यावे. आणि शुल्कातला ठरलेला वाटा ग्रामसभेच्या हाती जावा, म्हणजे झाड अंधारात ठेवण्यात गावाचाही फायदा राहील. कळसूबाईच्या वाटेवरच्या रविवारच्या गर्दीलाही हेच लागू आहे.

उरलेले आपल्या हातात आहे. शनिवार टाळून मधल्या वारी गेलो, मुक्काम गावात केला आणि गाडी तिथेच ठेवली, तर अर्धा प्रश्न सुटतो. बॅटरीवर लाल पारदर्शक कागद गुंडाळला तर पायाखालची वाट दिसते आणि काजव्यांना त्रासही कमी होतो. फोटो टाकायचाच असेल तर त्याखाली महिना आणि गावचे नियमही लिहावेत. जागेचा नकाशा जगाला देण्याची मात्र गरज नाही.

आणि एकदा एवढे करून पाहावे. झाडापासून लांब उभे राहून मोबाइल खिशात ठेवावा आणि दहा मिनिटे नुसते थांबावे. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग ‘बाबा, काजवे कुठे आहेत?’ हा प्रश्न मूल विचारणार नाही. त्याला ते आपल्याआधी दिसलेले असतील.