फर्ग्युसन रस्त्याला आणखी परमिट रूम हव्यात का?

पुण्याचा फर्ग्युसन रस्ता आणि त्याला समांतर जाणारा जंगली महाराज रस्ता, दोन्हीकडे खरेदीची गर्दी आणि खाण्यापिण्याची गर्दी एकमेकींत मिसळलेली असते. खाली कपड्यांची आणि चपलाबुटांची दुकाने, मध्येच एखादे जुने उडपी हॉटेल, वर क्लास आणि बँका, आणि एखादा जिना चढून गेले की एफएल-३ परवान्याची परमिट रूम. अशा रस्त्यावर आणखी पब निघावेत का, याचे उत्तर जागामालकाकडे तयार असते: निघावेत, कारण कापडवाल्यापेक्षा बारवाला भाडे जास्त मोजतो. रहिवाशांचेही उत्तर तयार असते: आहेत तेच बंद करा. परवानाधारकाच्या दृष्टीने मात्र आधी पाहायचे ते हे, की आज परवाना घेऊन बसलेल्यांचा धंदा कोणत्या अवस्थेत आहे.

परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क जाहीर उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले. त्याच वर्षी वार्षिक परवाना शुल्कातही १५ टक्क्यांची भर पडली. या वाढींच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर परमिट रूम बंद ठेवण्यात आल्या. सरकारने दखल घेतली, दर मागे घेतले नाहीत. शुल्कवाढीनंतर १८० मिलीच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत २०५ रुपये ठरली. हीच बाटली टेबलावर येईपर्यंत तिच्यात व्हॅट, भाडे, वेटरचा पगार, वातानुकूलनाचे वीजबिल आणि संगीताच्या परवान्याचे पैसे मिसळतात. वाइन शॉपवर ती छापील किमतीत मिळते.

ही बाटली विकत घेणारा ती पितो कुठे, हा या धंद्यातला सर्वांत दुखरा मुद्दा. तो घरी जात नाही. दुकानापासून वीस पावलांवर चायनीजची किंवा अंडाभुर्जीची गाडी असते. तिथे प्लास्टिकचा ग्लास, पाण्याची बाटली आणि बसायला स्टूल मिळते. हल्ली टपरीवाला बर्फही ठेवतो. संध्याकाळी आठनंतर शहराच्या मध्यभागातल्या कोणत्याही वाइन शॉपच्या आसपास हे चित्र दिसते. तिथे ना अग्निशमन दलाचा दाखला लागतो, ना मंजूर नकाशा, ना स्वच्छतागृह. त्यामुळे शेजारच्या दुकानदाराला सकाळी शटर उघडण्याआधी पायरी धुवावी लागते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमात विनापरवाना मद्यपानगृह चालवणाऱ्यासाठी कलम ६८ आहे आणि तिथे पिणाऱ्यासाठी कलम ८४. या कलमांखाली महामार्गावरच्या ढाब्यांवर छापे पडतात आणि जप्त मालासह छायाचित्रेही निघतात. शहरातल्या गाडीबद्दल तक्रार केली की कागद फिरायला लागतो. उत्पादन शुल्क कार्यालय म्हणते, गाडी पदपथावर आहे, अतिक्रमण विभागाकडे जा. अतिक्रमण विभाग म्हणतो, पथारी परवान्यावर आहे आणि दारू हा आमचा विषय नाही, पोलिसांकडे जा. पोलीस चौकीत सांगतात, दारूचे काम उत्पादन शुल्कवाल्यांचे. फेरी पूर्ण होते, गाडी जागेवरच राहते. वर्षाला लाखोंचे शुल्क भरणाऱ्या परवानाधारकाकडे मात्र निरीक्षक येतो तो गिऱ्हाइकांच्या एकदिवसीय मद्यसेवन परवान्यांचे पुस्तक तपासायला. पाच रुपयांच्या त्या पावत्यांवर किती नावे खरी असतात, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असते आणि तपासणाऱ्यालाही.

रस्त्याला आणखी पब हवेत का, या चर्चेत ही उघड्यावरची बैठक कुणी मोजतच नाही. ती मोजली, तर मध्यवर्ती बाजारपेठेत पिण्याच्या जागा आधीच पुरेशा आहेत, त्यांतल्या बऱ्याच परवान्याविना आहेत एवढेच.

नव्या परवान्याची कसोटी कशावर लागते, तेही पाहण्यासारखे आहे. शाळा-महाविद्यालय आणि धार्मिक स्थळापासून ७५ मीटरची अट सर्वांना पाठ आहे. हे अंतर पादचारी नेहमी ज्या वाटेने चालतो त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत मोजले जाते. परिणामी कसब लागते ते दार कुठे काढायचे यात. पुढचे दार अंतरात बसत नसेल तर बाजूच्या बोळातून जिना काढायचा. मध्ये दुभाजकाचे कठडे असतील तर पादचाऱ्याला वळसा पडतो आणि मीटर वाढतात. संस्थेचे फाटक कोणते धरायचे, रोजचे की वर्षातून चारदा उघडणारे, यावर महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. टेप धरणाऱ्याची मर्जी हीही एक बाब आहेच. फर्ग्युसन रस्त्यावर महाविद्यालये, अभ्यासिका आणि मंदिरे इतकी दाट आहेत, की इथला प्रत्येक परवाना हा मोजणीतला एक विजय असतो. ज्या विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी ही अट आहे, तो मात्र बोळातल्या दारातूनही आत येतो.

एवढी मोजमापे असलेल्या नियमांत एक मोजमाप नाही: एका रस्त्यावर एकूण किती. दहावा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे येतो तेव्हा तो पहिल्यासारखाच तपासला जातो. आधीच्या नऊ जागांमुळे रात्री अकरा वाजता रस्त्यावर किती रिक्षा अडकतात, किती मोटारी दुहेरी लागतात, याचा रकाना अर्जात नाही. इंग्लंडमध्ये २००३ च्या परवाना कायद्याखाली चालणाऱ्या नगरपालिकांना एखादा भाग भरून गेल्याचे धोरण म्हणून जाहीर करता येते. लंडनच्या वेस्टमिन्स्टरने वेस्ट एंडसाठी ते वर्षानुवर्षे वापरले, आणि २०१८ पासून त्या व्यवस्थेला थेट कायद्याचा आधार मिळाला. तिथे नव्या अर्जदाराला आपल्या जागेमुळे त्रास वाढणार नाही हे पटवून द्यावे लागते. अशी तरतूद महाराष्ट्रात आली तर जुन्या परवानाधारकांनी तिला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध केला तर तो जागामालकांच्या सोयीचा ठरेल.

आणखी परवान्यांचा आग्रह धरणारे विविधतेचा मुद्दा मांडतात: दुकाने मिटल्यावर रस्ता ओस पडू नये, उजेड असावा, स्त्रियांना सुरक्षित वाटावे. मुद्दा बरोबर आहे, पण हे काम रात्री साडेदहापर्यंत चालणारे जेवणाचे हॉटेल, आइस्क्रीमचे दुकान आणि पुस्तकांचे दुकानही करते. लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा पादचारी दिन झाला, तेव्हा वाहने बंद करूनही रस्ता माणसांनी भरला होता आणि तिथे बारची गरज पडली नाही. शिवाय तळमजल्यावरचा पब दिवसभर काळ्या काचा लावून बसतो. शेजारच्या दोन दुकानांचे गिऱ्हाईकही मग पुढे निघून जाते.

धंद्याची बाजू मांडताना धंद्याने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघांचा जीव गेला. त्या रात्री त्याला मद्य मिळाले ते परवाना असलेल्या टेबलावर. पुढच्याच महिन्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधली उशिरापर्यंत चाललेली पार्टी चित्रफितीतून राज्यभर गेली. दोन्ही वेळा कारवाईचा फटका नियमाने चालणाऱ्यांनाही बसला, आणि दोन्ही वेळा परवानाधारकांच्या संघटनांच्या बैठकांत सदस्य बोलले ते फक्त सील उघडण्याबद्दल. परवाना स्वतःच्या नावावर, चालवणारा भलताच, हा प्रकार नवा नाही. जून २०२५ च्या निर्णयाने एफएल-३ कंडक्टिंग करारावर, म्हणजे दुसऱ्याकरवी, चालवण्यासाठी वार्षिक शुल्काच्या १० टक्के जादा आकारणी ठेवली आहे. ती भरली की मूळ परवानाधारकाची जबाबदारी संपते, असा समज करून घेणारे कमी नाहीत. गुन्हा नोंदताना परवान्यावरचेच नाव आधी पाहिले जाते.

नूतनीकरणाची मुदत ३१ मार्चला संपते. त्याआधी प्रत्येक परवानाधारकाने चार गोष्टी स्वतः उभे राहून तपासाव्यात: बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांचा पुरावा दारातच मागितला जातो का, टेबले मंजूर नकाशाच्या आत आहेत का, कंडक्टरशी झालेला करार नोंदवला आहे का, आणि पहाटे दीडनंतर दिवे खरोखर मालवले जातात का. शहर संघटनांनी आपल्या रस्त्यावर दारू पिऊ देणाऱ्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांची जागा, वेळ आणि छायाचित्रे यांसह यादी करून ती जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्त या तिघांना एकाच पत्राने द्यावी, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. नव्या परवान्यांना पाठिंबा मागायला येणाऱ्या जागामालकांना तोवर नकार कळवावा.