आधी विचारा, मग ठरवा

विद्यार्थी मित्रांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : पुढे काय? कला, वाणिज्य, विज्ञान की आयटीआय? पुष्कळ घरांत उत्तर आधीच ठरलेले असते. अर्ज भरून झाला की अम्मी म्हणतात, "बेटा, आता दुआ कर." मला हा क्रम उलटा वाटतो. दुआ आधी हवी, बेत नंतर.

इस्तिखारा हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. इस्तिखारा म्हणजे अल्लाहकडे भले मागणे. दोन रकात नफ्ल नमाज पढून ही दुआ मागतात. हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस सहीह बुखारीत आहे. हे काम माझ्या भल्याचे असेल तर ते सोपे व्हावे, नसेल तर ते माझ्यापासून दूर जावे, असा त्या दुआचा आशय आहे. इस्तिखारा केला की स्वप्न पडतेच, असे अनेकांना वाटते. परंतु त्या दुआत स्वप्नाचा उल्लेखही नाही. त्यात माणूस एवढेच कबूल करतो की, मला सगळे कळत नाही.

ज्याला आपले ज्ञान अपुरे आहे हे कळते, तो माणसांनाही विचारतो. म्हणूनच सूरह आले इमरानमध्ये आधी मशवरा, मग निश्चय आणि मग अल्लाहवर भरवसा, असा क्रम सांगितला आहे.

न विचारता आखलेल्या बेताचे उदाहरण आपल्या मुळशीतच आहे. मुंबईला वीज हवी होती. त्यासाठी मुळा नदीवर धरण बांधून पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडण्याची योजना टाटा कंपनीने आखली. योजना हुशारीची होती. पण ज्यांची घरे आणि भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, त्यांना आधी कोणी विचारले नाही. 1921 साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. त्यांनी तुरुंगवास सोसला. तरीही धरण झाले. मुंबईला वीज मिळाली आणि मावळ्यांची जमीन गेली.

अशीच गोष्ट लहान प्रमाणात आपल्या घरांतही घडते. बहिणीची शाळा बंद करायची, असे मोठी माणसे ठरवतात. तिला कोणी विचारत नाही. वर "अल्लाहची मर्जी" असे म्हणतात. मित्रांनो, आपल्या मर्जीला अल्लाहची मर्जी म्हणणे योग्य नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला न विचारता केलेला इस्तिखारा अर्धाच राहतो, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, दुआ केली, आता हातपाय कशाला हलवायचे? आपल्या भागातल्या शेतकऱ्याकडे पाहा. तो उन्हाळ्यात राब भाजतो, बी पेरतो, रोपे वाढवतो. लावणीचा दिवस मात्र पाऊस पाहून ठरवतो. राब न भाजता नुसते आभाळाकडे पाहणाऱ्याच्या खाचरात भात पिकत नाही. उंट आधी बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण हेच सांगते.

तेव्हा अर्ज भरण्याआधी इस्तिखारा करा. आईवडिलांशी बोला, शिक्षकांना विचारा, त्या वाटेने आधी गेलेल्यांना भेटा. आपले गुण आणि आपली आवड प्रामाणिकपणे तपासा. धाकट्या बहिणीची वेळ येईल तेव्हा तिलाही विचारा. मग "इन्शाअल्लाह" म्हणून मनापासून कामाला लागा. हवे ते कॉलेज मिळाले नाही तरी खचू नका. तुम्ही अल्लाहकडे भले मागितले होते, कॉलेजचे नाव नव्हे.