रात्रपाळीची हजेरी कोण मांडणार?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. ऐंशीच्या घरातली म्हातारी उठून दाराची कडी काढू लागते. "मला घरी जायचंय, पोरं शाळेतून आली असतील," म्हणते. सून धावत जाऊन तिला धरते. सकाळी याच सुनेला तासगावकडच्या द्राक्षबागेत मजुरीला जायचे असते. म्हातारी दिवसा झोप काढते. सुनेला तीही मिळत नाही. सातारा-सांगलीच्या आमच्या वस्त्यांतले हे चित्र कुणाला अनोळखी आहे?

याला आम्ही 'म्हातारचळ' म्हणून हसलो. कुणी बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे गेले. वस्तुस्थिती अशी की, स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. मेंदूत दिवस-रात्र ओळखणारे घड्याळ असते, तेच या आजारात बिघडते. म्हणून सायंकाळी घालमेल आणि रात्री जागरण. म्हातारी हे मुद्दाम करीत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत तो अधिक. लहानपणी शिक्षण न मिळाल्याने त्याचा धोका वाढतो, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. ज्यांच्या हाती पाटी पडू दिली नाही, त्यांच्याच म्हातारपणावर हा घाला. याला नशीब म्हणायचे काय?

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणले. पण घरातल्या या रात्रपाळीला ना हजेरी, ना मजुरी, ना सुट्टी! आणि ती सुनेनेच करावी, हे आम्हीच गृहीत धरलेले. साताऱ्यात आई गेल्यावर लहानग्या भीमाला आत्या मीराबाईंनी सांभाळले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. आमच्या घरातल्या मीराबाईचे काय?

तेव्हा आधी घरातून सुरुवात करू. सकाळी म्हातारीला उन्हात बसवा, चालवा. दुपारची झोप थोडकीच ठेवा. सायंकाळनंतर चहा नको, रात्री मंद दिवा असू द्या. तिच्याशी वाद घालू नका. जागरणामागे अंगदुखी, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठताही असू शकते, डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. पडून हाड मोडण्याचा धोका असतो. आणि मुख्य म्हणजे रात्री वाटून घ्या. मुलगा, नातू यांनी पाळी धरावी. समता भाषणात सांगायची आणि घरी पांघरूण ओढून झोपायचे, हे चालणार नाही. दुपारी दोन तास विहारात वृद्धांना बसवले, तर तेवढाच सुनेच्या डोळ्याला डोळा लागेल.

सरकारकडेही हक्काने मागू. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण जतच्या मजुराचा तिथे जाऊन येण्यात दिवस बुडतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच ठरलेल्या वारी तपासणी हवी, सांभाळणाऱ्याला भत्ता हवा. तोवर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. तो रात्रीही चालू असतो.

आज रात्री म्हातारी उठेल, तेव्हा आधी कोण उठणार, एवढे प्रत्येकाने झोपण्यापूर्वी ठरवावे.