भिंतीवरचे नाव

दिवाळी आली की घराला चुन्याचा हात फिरतो, आणि चुना वाळतो न वाळतो तोच पोरांच्या हाती कोळसा येतो. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर ‘बंडू’ नाहीतर ‘शेवंता’ अशी ठसठशीत अक्षरे उमटतात. मग आईचा धपाटा आणि आजीची मध्यस्थी हे ओघानेच आले. पण धपाट्याने भिंत तेवढी वाचते. नाव लिहिण्याची हौस काही जात नाही. ती शाळेच्या बाकावर जाते आणि शेवटी एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावर जाऊन बसते. या हौसेचे काय करावे, हा आमचा यंदाचा विषय.

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. अशा कोणत्याही क्षेत्री गेल्यावर वाचकांनी जरा निरखून पाहावे. फरशीवर आणि पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, आणि मागच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने ओढलेली. थोरांची हौस पावती घेऊन भागते, पोरांची फुकटात भागते, एवढाच काय तो फरक!

ही हौस आजकालची नव्हे. भिंतीवरच्या अशा लिखाणाला ‘ग्राफिटी’ म्हणतात. शब्द इटालियन, आणि त्याच्या मुळाशी ओरखडण्याचा अर्थ. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पाँपेई शहर गाडले गेले. पुढे ते खणून काढले, तेव्हा भिंतींवर हजारो लेख सापडले. त्यांत निवडणुकीचा प्रचार होता, प्रेमाचे निरोप होते आणि यथेच्छ शिव्याही होत्या! आपल्याकडे मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे तारखांसह दगडात कोरून ठेवली आहेत.

अजिंठ्याची गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगावी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीसाठी त्या रानात आला, आणि विसरली गेलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख ओरखडली, तीही थेट बोधिसत्त्वाच्या चित्रावर! त्या वेळी आत मातीदगडांचा ढीग साचला होता आणि साहेब त्यावर उभा होता. त्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते.

येथे चुणचुणीत मूल हमखास विचारते, “पारशांचे नाव इतिहासात, साहेबाचे नाव पुस्तकात, मग आमच्याच पाठीत धपाटा का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला डोळे वटारणे हे उत्तर नव्हे. उत्तर असे, की जुना लेख आता आपण पुसू शकत नाही, म्हणून त्यातून जे कळते ते घेतो. पण साहेबाच्या ओरखड्याखाली गेलेले चित्र कोणालाही परत आणता आलेले नाही. प्राचीन वास्तू विद्रूप करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगावे. परंतु चित्राची गोष्ट आधी, कायदा मागाहून.

आता थोडे न्यूयॉर्ककडे वळू. तेथे निरोप्याचे काम करणारा एक पोरगा आपले टोपणनाव आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक जाईल तेथे लिहीत असे : ‘टाकी १८३’. १९७१ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची बातमी छापली आणि शहरातील पोरांना जणू पंख फुटले. नावे इतकी झाली की आपले उठून दिसावे कसे, ही पंचाईत पडली. त्यातून अक्षरे मोठी झाली, फुगली, रंगली. ‘फेज टू’ या नावाने लिहिणाऱ्या तरुणाला फुग्यासारख्या अक्षरांचा जनक मानतात. आगगाडीचे डबेच्या डबे रंगले. नगराने ते धुऊन काढण्यापायी अमाप पैसा ओतला आणि १९८९ साली शेवटची रंगलेली गाडी रुळांवरून काढली. ज्याच्या नावाची पाटी कोठेही लागत नाही, त्याने स्वतःच ती लिहिली, असा हा प्रकार होता.

ती फुगीर अक्षरे आपल्या मुलांना देवनागरीत शिकवावी. रीत सोपी आहे. प्रथम नाव पेन्सिलीने पुसट आणि सुटे सुटे लिहावे. मग प्रत्येक रेघेभोवती बोटभर अंतर राखून बाहेरची रेघ काढावी, कोपरे गोलवावेत आणि आतली पेन्सिल खोडावी. प्रकाश एका बाजूने येतो असे ठरवून दुसऱ्या बाजूला सावली द्यावी. इंग्रजी अक्षर सुटे उभे राहते. आपले शिरोरेघेला लटकते. म्हणून ती रेघ वाकली तरी चालेल, तुटू मात्र नये.

खरी परीक्षा पुढेच आहे. अक्षर फुगले की ‘ख’ चा ‘रव’ होतो आणि ‘ध’ चे डोके मिटून ‘घ’ होतो. ‘भ’ च्या माथ्यावरची फट बुजली, की भैरवनाथाचा ‘मैरवनाथ’ झालाच म्हणून समजा! अक्षर किती नटवावे आणि कोठे थांबावे, हे मुलाला येथे कळते. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची अक्षरे नमुन्यादाखल दाखवावीत. नाटकाचा स्वभाव अक्षरांतून दिसे, तरी वाचताना कोणी अडत नसे.

सरावाला जुनी वर्तमानपत्रे पुरेत. रंगाला गेरू, नीळ आणि चुना. हात बसला म्हणजे शाळेच्या आवाराची आतली भिंत मुख्याध्यापकांना विचारून मागावी. दरसाल तिच्यावर पुन्हा चुना फिरावा आणि पुढल्या मुलांनी आपली नावे काढावीत. आपलेही नाव पुसले जाणार, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

‘भ’ ची एक फट उघडी ठेवण्यासाठी ज्याने अख्खी दुपार घालवली, त्याला हाताच्या कामाचे मोल कळते. तो मुलगा अजिंठ्याला गेला तर चित्र पाहील. खिशात खिळा असला तरी तो बाहेर काढणार नाही.